पावाचं बेट: माल्टातली चार दिवसांची सुट्टी आणि साडेचारशे वर्षांची भूक

युरोपात प्रोजेक्टवर गेलेल्या मराठी पोरापोरींचा फिरण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग रोम-व्हेनिस. हे सगळं उरकलं की एखाद्या लाँग वीकेंडला 'सगळ्यात स्वस्त विमान कुठे जातंय' असं शोधताना माल्टा सापडतं. फोटोत निळंशार पाणी, मधाच्या रंगाचे दगड, रंगीत होड्या. इंग्रजी सगळ्यांना येतं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, प्लगसुद्धा तीन पिनांचे. अजून काय पाहिजे?

मग सुरू होतो रिसर्च. 'काय बघावं' ही एक यादी आणि 'कुठे खावं' ही दुसरी यादी. माझं म्हणणं एवढंच, की माल्टात या दोन याद्या वेगळ्या करताच येत नाहीत. तिथल्या प्रत्येक किल्ल्यामागे धान्याचा प्रश्न आहे आणि ताटातल्या बऱ्याच पदार्थांमागे एखादा वेढा, एखादं बंड नाहीतर एखादा गोळीबार आहे. म्हणून ही सुट्टी मी इतिहासाच्या क्रमाने लावून देतोय. चार दिवस पुरतात. चालायची आणि खायची तयारी मात्र हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी. माल्टा, गोझो आणि चिमुकलं कोमिनो मिळून हा देश भरतो ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर सिसिली, दक्षिणेला आफ्रिका. बारमाही नदी नाही, डोंगर नाहीत, जंगल जवळजवळ नाहीच. चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर. अशा जमिनीत कापूस येतो, जिरं येतं, ऑलिव्ह येतात, पण सगळ्यांना वर्षभर पुरेल इतका गहू काही येत नाही. शेकडो वर्षं गहू यायचा तो सिसिलीहून, जहाजाने. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर! जहाज आलं तर पाव, नाही आलं तर उपास. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्यातून आपोआप निघतो.

पहिला दिवस: वॅलेटा, बिर्गू आणि धान्याची पेवं

इ.स. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट 'नाइट्स ऑफ सेंट जॉन' नावाच्या लढवय्या धर्मसंघाला देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला एक ससाणा. ऐकायला मस्त वाटतं, पण नाइट्स काही खुशीत नव्हते. ऱ्होड्ससारखं हिरवंगार बेट तुर्कांनी १५२२ मध्ये हिसकावून घेतलेलं. माल्टा घ्यावं की नाही हे बघायला त्यांनी आधी आपली माणसं पाठवली होती. त्यांचा अहवाल वाचला तर कोणीही 'नको बाबा' म्हणेल. नुसता खडक, पाणी कमी, धान्य बाहेरून आणावं लागतं, आणि लाकूड इतकं दुर्मिळ की ते वजनावर विकतात. लोक वाळलेल्या शेणावर आणि काटेरी झुडपांवर स्वयंपाक करतात, असंही त्यात होतं. युरोपातल्या उमरावांना त्याचं नवल वाटलं. गोवऱ्या बघितलेल्या आपल्या आजीला वाटलं नसतं!

या सरपणाच्या टंचाईचा परिणाम आजही ताटात दिसतो. माल्टाचा खास घरगुती स्वयंपाक म्हणजे केनूर नावाच्या दगडी चुलीवर मंद आचेवर तासन् तास रटरटणारा रस्सा. आणि ज्यांच्या घरी भट्टी नाही ते रविवारी बटाट्यांचं, भाताचं नाहीतर मॅकरोनीचं ताट गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचे. पाव भाजून झाले की उरलेल्या उष्णतेत सगळ्या गावाचं जेवण शिजायचं. तुम्हाला मेन्यूवर 'बेक्ड राइस' किंवा 'पताता ल-फोर्न' दिसलं तर तो हाच वारसा.

नाइट्स राहायला गेले ते बिर्गूला. सकाळी वॅलेटाच्या अप्पर बाराक्का बागेत जा, समोर ग्रँड हार्बर दिसेल. पलीकडच्या काठावर फोर्ट सेंट अँजेलो आणि त्याच्या पाठीशी बिर्गू. दुपारी बाराला खालच्या बुरुजावरून तोफ उडते ती बघा, मग लिफ्टने खाली उतरून छोट्या होडीने बंदर ओलांडा. दहा मिनिटांत तुम्ही १५६५ सालात.

त्या वर्षीच्या १८ मे रोजी सुलतान सुलेमानचं आरमार क्षितिजावर दिसलं. तीसेक हजारांची किंवा त्याहून मोठी फौज. बंदराच्या तोंडाशी असलेला सेंट एल्मो हा लहानसा किल्ला चार-पाच दिवसांत पडेल असा तुर्कांचा हिशोब होता. तो पडला २३ जूनला. महिनाभर त्यांना तिथेच अडकवून ठेवलं. ग्रँड मास्टर ज्याँ द व्हालेत तेव्हा सत्तरीच्या आसपासचे, पण तटावर उभे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबर हा आजही माल्टात राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

आता कथेची दुसरी बाजू. नाइट्सच्या पराक्रमावर ढीगभर पुस्तकं आहेत. पण तटावर माती वाहणारे, भिंती रात्रीत पुन्हा बांधणारे आणि मरणारे बहुसंख्य लोक माल्टाचे शेतकरी, कोळी आणि त्यांच्या बायका होत्या. त्याआधी चौदाच वर्षं, १५५१ मध्ये, तुर्की चाच्यांनी शेजारच्या गोझो बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे पाच हजार माणसं, गुलाम म्हणून पकडून नेली होती. त्यामुळे हरलं तर काय होतं हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

वेढा उठल्यावर पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, वॅलेटाची पायाभरणी झाली. पोपने पाठवलेला इंजिनियर फ्रान्चेस्को लापारेल्ली याने सरळ रेषांत, चौकटीत शहर आखलं. त्या गल्ल्यांतून समुद्राचा वारा येतो. प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं पाहिजे असा नियम होता. रायगडावरची टाकी बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. किल्ला तटाने टिकत नाही, पाण्याने आणि धान्याने टिकतो.

धान्याची व्यवस्था बघायची तर वॅलेटाच्या वेशीबाहेर फ्लोरियानाला जा. सेंट पब्लियस चर्चसमोर एक भलं मोठं पटांगण आहे आणि त्यावर दगडी गोल झाकणं, सत्तरहून जास्त. पर्यटक त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खातात. ही सगळी पेवं आहेत! खडकात खोदलेली, घागरीच्या आकाराची, वर दगड बसवून बंद केलेली. आपल्याकडे मराठवाड्यात-विदर्भात ज्वारीची पेवं असायची तशीच, फक्त सरकारी पातळीवरची. वेढा पडला तरी शहराने महिनोन् महिने तग धरावा म्हणून नाइट्सनी खोदलेली, पुढे इंग्रजांनीही त्यात भर घातली. आता याच पटांगणावर पॉप संगीताचे जंगी कार्यक्रम होतात. खाली पोकळ पेवं, वर नाचणारी पोरं. असो.

दुपारी खायचं काय? 'होब्स बिझ-झेत'. म्हणजे पाव आणि तेल. जाड सालीचा आंबवलेला पाव, त्यावर टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, केपर्स, हवा तर ट्यूना. शेतकऱ्याची आणि गोदी कामगाराची न्याहारी. आपल्या भाकरी-ठेच्याचा हा तिकडचा भाऊ. यातला 'फ्तीरा' नावाचा चपटा गोल पाव २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. सोबत कडवट नारिंगाची 'किनी' नावाची सोडा-बाटली घ्या, १९५२ पासून मिळते. पहिला घोट आवडत नाही, तिसरा आवडतो.

आणि हो, सेंट जॉन्स को-कॅथेड्रल चुकवू नका. आत कारावाज्जोचं १६०८ मधलं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' हे भिंतभर चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही कुठे, तर मानेतून वाहणाऱ्या रक्तात. त्याच वर्षी मारामारी करून तो तुरुंगात गेला, तिथून पळाला, आणि त्याला संघातून काढून टाकायची सभा भरली ती याच दालनात. त्याच्याच चित्रासमोर!

दुसरा दिवस: इमदीना, रबात आणि ससा

जुनी राजधानी इमदीना टेकडीवर आहे. नावातच मदिना आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अरबांनी इ.स. ८७० मध्ये हे बेट घेतलं, राज्य गेलं तरी भाषा ठेवून गेले. माल्टी ही अरबीच्या कुळातली, रोमन लिपीत लिहिली जाणारी आणि युरोपियन युनियनची अधिकृत असलेली एकमेव भाषा. पाट्या वाचत फिरा, मजा येते. 'दिन्या' म्हणजे दुनिया, 'क्तीब' म्हणजे किताब, 'लारिंज' म्हणजे नारिंग. वरच्या पावातलं 'झेत' म्हणजे तेल, आपल्या 'जैतून'चा नातेवाईक. आणि गंमत म्हणजे हे लोक कट्टर कॅथलिक, पण देवाला म्हणतात 'अल्ला'.

इमदीनाच्या वेशीबाहेर रबात. तिथे 'क्रिस्टल पॅलेस' नावाची टपरीवजा जागा आहे, नावावर जाऊ नका. तिथे गरम 'पस्तित्सी' खा. मैद्याच्या पापुद्र्यांची होडीच्या आकाराची पुडी, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. वाटाण्याची मागा, शाकाहारी मंडळींची सोय झाली. आपल्या पॅटिसची चुलत बहीण, पण मसाला बेताचा. किंमत चिल्लर, पोट गच्च.

रात्री मात्र मांसाहारी असाल तर जवळच्या इमजार गावात 'फेनकाता' खायला जा. हे जेवण म्हणजे एक समारंभ. आधी सशाच्या रश्श्यातली स्पॅगेटी, मग वाईन-लसणात शिजवलेला ससा, आणि तासभर गप्पा. ससाच का, याचं उत्तर इतिहासात आहे. नाइट्सच्या राज्यात शिकार हा राज्यकर्त्यांचा शौक होता. रानातल्या सशावर सामान्य माणसाचा हक्क नव्हता, निर्बंध कधी कडक तर कधी सैल. १७७३ मध्ये ग्रँड मास्टर झिमेनेस गादीवर आला तेव्हा तिजोरी रिकामी होती. त्याने धान्याचे भाव वाढवले आणि वर सशाच्या शिकारीवर बंदी घातली. म्हणजे पावही महाग आणि फुकटचं मटणही बंद.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १७७५ मध्ये, भडका उडाला. गाएतानो मन्नारिनो नावाच्या धर्मगुरूच्या पुढाकाराने मूठभर लोकांनी थेट सेंट एल्मोचा किल्ला ताब्यात घेतला. तुर्कांना ज्याला महिना लागला तो! लोक उठतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण लोक उठले नाहीत. बंड काही तासांत मोडलं, तिघांना मृत्युदंड झाला, मन्नारिनो तुरुंगात गेला. तो बाहेर आला थेट १७९८ मध्ये, नेपोलियनने माल्टा घेतल्यावर. 'पाद्र्यांचं बंड' म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. फेनकाता हा सगळाच्या सगळा त्या बंडाचा वारसा आहे असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण ज्या प्राण्यावर राज्यकर्त्याने हक्क सांगितला तोच पुढे देशाचा राष्ट्रीय पदार्थ व्हावा, हा योगायोग नसावा.

नेपोलियनचं काय झालं? तो जून १७९८ मध्ये इजिप्तला जाता जाता आला, आठवडाभरात नाइट्सना हाकलून, नवे कायदे लावून पुढे गेला. मागे राहिलेल्या फ्रेंच फौजेने चर्चमधल्या चांदीला आणि मालमत्तेला हात घातला. २ सप्टेंबरला इमदीनात एका चर्चच्या सामानाचा लिलाव चालू असताना लोकांनी उठाव केला. फ्रेंच वॅलेटाच्या तटाआड जाऊन बसले आणि या वेळी माल्टाच्या लोकांनीच आपल्या राजधानीला वेढा घातला. बंदराची नाकेबंदी करायला इंग्रज आरमार आलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८०० मध्ये, फ्रेंचांनी हत्यारं ठेवली. तट शाबूत होते. धान्य संपलं होतं.

तिसरा दिवस: इंग्रज, मुंबईचे शिपाई आणि विजयाचं पातळ कालवण

इंग्रज मदतीला आले ते राहिलेच. (ओळखीचं वाटतंय ना?) १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि लंडन-मुंबई मार्गावरचा माल्टा हा मोक्याचा थांबा झाला. कोळसा भरायला थांबलेल्या आगबोटींतल्या प्रवाशांना रेशीम आणि पूर्वेकडच्या कलावस्तू विकायला सिंधी व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे येऊन पोचले. त्यांचे वंशज आजही माल्टात आहेत.

पण त्याआधी मुंबई बंदरातून एक मोठा लवाजमा इथे आला होता. १८७८ चा वसंत. रशियाने तुर्कांना हरवलेलं, इंग्लंडला कॉन्स्टँटिनोपलची काळजी. पंतप्रधान डिझरेलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टात आणायचा हुकूम सोडला. मुंबई, बंगाल, मद्रास अशा तिन्ही फौजांतले लोक, घोडे, तोफा मुंबईहून जहाजात चढले आणि मे महिन्याच्या अखेरीस माल्टात उतरले. लंडनच्या पार्लमेंटात यावरून मोठा वाद झाला, की हिंदुस्थानी पैशांवर उभी असलेली फौज आम्हाला न विचारता युरोपात आणलीच कशी? युद्ध काही झालं नाही, जुलैमध्ये यातली तुकडी सायप्रसचा ताबा घ्यायला पुढे गेली. याच वर्षीच्या युद्धज्वराने इंग्रजीला 'जिंगो' हा शब्द दिला. ग्रँड हार्बरच्या काठावर उभं राहिलं, की कोकणातला नाहीतर सातारकडचा एखादा शिपाई याच धक्क्यावर उतरून 'हे कुठं आणून टाकलंय' म्हणाला असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

आता १९१९. पहिलं महायुद्ध संपलं, गोदीतलं काम आटलं, पावाची किंमत मात्र चढत गेली. गहू बाहेरून येतो, आणि आणणारे-दळणारे मोजके. ७ जूनला वॅलेटात राज्यघटनेच्या मागणीसाठी सभा भरली होती. गर्दी रस्त्यावर उतरली, पिठाच्या व्यापाऱ्यांच्या घरांवर चालून गेली. इंग्रज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार जणांचा जीव गेला. 'सेत्ते जुन्यो' म्हणजे सात जून, हा आज त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. तारीख नीट बघा. अमृतसरला जालियनवाला बाग झाली ती १३ एप्रिलला, म्हणजे त्याच्या दोन महिनेही आधी नाही. आकडे खूप वेगळे, साम्राज्य तेच. माल्टाला १९२१ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळालं. पावाच्या भावाने सुरू झालेली गोष्ट घटनेपर्यंत पोचली.

आणि मग १९४२. इटली-जर्मनीची विमानं सिसिलीहून काही मिनिटांत माल्टावर यायची. जमिनीखालच्या लास्कारिस वॉर रूम्स जरूर बघा. पण त्याहून जास्त वेळ मोस्ताच्या गोल चर्चमध्ये घालवा. ९ एप्रिल १९४२ ला प्रार्थनेला अडीचशेच्या वर माणसं जमलेली असताना एक बाँब घुमट फोडून आत पडला, फरशीवर घरंगळला आणि फुटलाच नाही! त्याची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. सहा दिवसांनी, १५ एप्रिलला, राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस दिला. तो क्रॉस आजही त्यांच्या झेंड्यात आहे.

पदकाने पोट भरत नाही. जहाजं बुडत होती, रेशन आक्रसत होतं, रॉकेल नसल्याने घरोघरी चूल पेटत नव्हती. सरकारने 'व्हिक्टरी किचन' काढली. रेशनचा काही भाग सोडून द्यायचा आणि तिथून शिजवलेलं अन्न आणायचं. १९४३ च्या सुरुवातीला दीड लाखाहून जास्त लोक त्यावर अवलंबून होते. नाव विजयाचं, कालवण पातळ, आणि त्यात बऱ्याचदा बकरीचं चिवट मांस. लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण दुसरा इलाज नव्हता. बेटाच्या गव्हर्नरांनी एक तारीख गुपचूप काढून ठेवली होती. त्या तारखेपर्यंत जहाज आलं नाही तर शरणागती. म्हणजे शत्रूच्या बाँबपेक्षा पिठाचा साठा जास्त निर्णायक.

ऑगस्टमध्ये शेवटचा प्रयत्न म्हणून १४ मालवाहू जहाजं आरमाराच्या संरक्षणात निघाली. ऑपरेशन पेडेस्टल. नऊ बुडाली, पाच पोचली. सगळ्यात शेवटी 'ओहायो' नावाचं तेलवाहू जहाज, इंजिन बंद, पाठीचा कणा मोडलेलं, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या जहाजांनी धरून आणलेलं. ते बंदरात शिरलं १५ ऑगस्टला, म्हणजे मारिया मातेच्या सणाच्या दिवशी. तटावर लोक रडत होते. माल्टात त्या ताफ्याला आजही 'सांता मारियाचा काफिला' म्हणतात.

एवढं वाचल्यावर संध्याकाळी 'सोप्पा ताल-आर्मला' मागवा. शब्दशः विधवेचं सूप. बागेत निघतील त्या भाज्या, वर एक अंडं आणि शेळीच्या-मेंढीच्या दुधाचं चीज. गरिबीतला पदार्थ, पण आजारी माणसाला आईने करून द्यावा असा. सोबत 'बिजिल्ला' म्हणजे वालवर्गातल्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी. शाकाहारी लोकांनी अंडं वगळून सांगावं.

रविवार असेल तर सकाळी मार्साश्लोकच्या मासळी बाजारात जा. याच उपसागरात १५६५ मध्ये तुर्की आरमाराने नांगर टाकला होता. निळ्या-पिवळ्या 'लुत्सू' होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात, संकट टाळायला. ऑगस्टच्या अखेरीपासून हिवाळा लागेपर्यंत 'लम्पूकी' नावाचा मासा मिळतो. त्याला पकडायची युक्ती भारी आहे. ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात तरंगत ठेवायचे, सावलीला मासे जमतात, मग जाळं टाकायचं. मालवणी माणसाला इथून उठवणं कठीण.

चौथा दिवस: गोझो आणि शेळीची गोष्ट

फेरीने पंचवीसेक मिनिटांत गोझो. जगन्तीयाची दगडी देवळं इ.स.पूर्व ३६०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी. ती बांधणाऱ्यांना धातू माहीत नव्हता. माल्टाच्या मुख्य बेटावर हाल सफ्लिएनीचं 'हायपोजियम' आहे, खडकात तीन मजले खाली कोरलेली दफनभूमी. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना ती सापडली. (पुन्हा टाकी!) दिवसाला फक्त ८० जणांना सोडतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी हे बुक करा. शेवटच्या क्षणी काही होत नाही.

हायपोजियमचं उत्खनन सांभाळणारे आणि पुढे तार्शीनची देवळं उजेडात आणणारे गृहस्थ होते थेमिस्टोक्लीस झामित. ते मुळात डॉक्टर. त्या काळी 'माल्टा ताप' नावाचा रोग इंग्रज सैनिकांना महिनोन् महिने खाटेला खिळवायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळत नव्हतं. १९०५ मध्ये झामितनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि कोडं सुटलं. वॅलेटाच्या गल्ल्यांतून शेळ्यांचे कळप हिंडायचे, दारात उभं राहून दूध काढून द्यायचे. ताजं, डोळ्यांदेखत, भेसळ नाही. आणि तेच रोगाचं मूळ! सैनिकांचं शेळीचं दूध बंद केल्यावर छावणीतला ताप झपाट्याने उतरला. सामान्य लोकांपर्यंत पाश्चराइज्ड दूध यायला मात्र १९३८ उजाडलं. गोझोत 'जबेयना' नावाच्या चीजच्या छोट्या गोल चकत्या मिळतात, मऊ, वाळवलेल्या, मिरी लावलेल्या. निर्धास्त खा, पण खाताना झामितसाहेबांची आठवण काढा.

गोझोचा तो प्रसिद्ध दगडी दरवाजा, 'अझूर विंडो', शोधू नका. ८ मार्च २०१७ च्या वादळात तो समुद्रात कोसळला. कोमिनोचा ब्लू लगून आहे, पण तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की २०२५ पासून एका वेळी किती जणांनी उतरायचं यावर मर्यादा आली.

आणि आता

माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झालं, १९७४ मध्ये प्रजासत्ताक, शेवटचा इंग्रज सैनिक गेला ३१ मार्च १९७९ ला. तोपर्यंत बेटाचं पोट बऱ्याच अंशी आरमाराच्या गोदीवर चालायचं. आता चालतं पर्यटनावर, बँकिंगवर, ऑनलाइन गेमिंगच्या कंपन्यांवर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,१९,५६२. आणि २०२४ मध्ये आलेले पर्यटक ३५ लाखांच्या वर. घरटी विचार करा! पिण्याच्या पाण्यातलं अर्ध्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. गहू अजूनही जहाजानेच येतो.

त्यात आपलेही लोक आहेत. त्याच जनगणनेत परदेशी रहिवाशांमध्ये भारतीय पहिल्या काही गटांत होते. तुमचं जेवण स्कूटरवरून आणणारा, हॉटेलात खोली लावणारा किंवा दवाखान्यात नर्स असणारा माणूस केरळचा, पंजाबचा असू शकतो. १८७८ मध्ये हुकमाने आणले, आता करारावर येतात. घरभाडं वाढतं, गल्ल्या खोदल्या जातात, आणि स्थानिक लोक विचारतात की हे बेट नक्की कोणासाठी चाललंय? प्रश्न नवा नाही. १७७५ मध्ये हाच होता, १९१९ मध्येही हाच.

म्हणून जाताना एक करा. बीचवरच्या इंग्लिश ब्रेकफास्टला एक दिवस सुट्टी द्या आणि ओर्मी गावात जा. नाइट्सच्या काळी या गावाचं नावच बेकऱ्यांचं गाव असं होतं. पहाटे भट्टीतून निघालेला पाव घ्या, वर सालीचा करकर आवाज, आत गरम वाफ. विकणाऱ्याला 'ग्रात्सी' म्हणा, म्हणजे धन्यवाद. विमानतळावर खजुराच्या सारणाचे तळलेले 'इमआरेत' मिळाले तर घरी आणा, आईला खजुराची करंजी म्हणून सांगता येतं.

चला, भूक लागली. पुढच्या शनिवारी भेटूच.